दारातल्या ओल्या वहाणा

फार जुनी गोष्ट. तेव्हा समुद्र थोडा अलीकडे होता आणि राजे थोडे जास्त बावळट. म्हणजे आजच्यापेक्षा फार नाही, उगीच हसू नका.

एका राजाकडे समुद्रापलीकडून एक गोडबोल्या आला. तोही अनवाणी. म्हणाला, दरबाराचा मान राखतो. आमच्या बेटावर बंदर बांधा. दगड तुमचे, पाथरवट तुमचे, जकात अर्धी अर्धी. राजा पाघळला.

देखरेखीला राजाच्या आत्याचा एकुलता लेक जायचा होता. आत्यानं विचारलं, "बेट कुणाचं रे बाबा?"

"माझ्या धन्याचं."

"आणि तो धनी कोण?"

गोडबोल्या नुसता हसला. राजाला थांबायला सांगून आत्या स्वतःच होडीत बसली.

वाटेत लागलेल्या पहिल्या बेटावर मोठं घर होतं. दारात वहाणांचा जोड, डावीचा अंगठा लाल दोऱ्यानं शिवलेला. आत पडदा, पडद्यामागून आवाज. मी नुसता राखणदार, धनी पुढच्या बेटावर, असं तो म्हणाला.

पुढच्या बेटावर तसंच घर, तसाच पडदा, तोच आवाज. दारात त्याच वहाणा. लाल दोरासुद्धा तोच. फक्त आता ओल्या होत्या. वाटेत दुसरी होडी तर दिसली नव्हती.

आत्या तशी भित्री, पण नाक खुपसायची सवय भीतीहून जुनी. ती तिसऱ्या बेटावर गेली. तिथं अर्धवट बंदर होतं आणि कुठल्याशा राज्याचे पाथरवट मान खाली घालून दगड फोडत होते. अंगं धुळीनं राखाडी झालेली.

"घरी का जात नाही रे?"

"मजुरी मिळाली की जाऊ, आत्याबाई. धन्याला विचारायचंय." आणि प्रत्येकानं वेगळ्याच दिशेला बोट दाखवलं.

तिथल्या घराच्या दारातल्या वहाणा ओल्या, शिवाय आत्ताच पायातून काढल्यासारख्या गरम. आतून आवाज आला, "धनी पहिल्या बेटावर."

आत्यानं पडदा ओढला. मागे कुणी नव्हतं. नुसती भिंत, आणि भिंतीत शिरलेली ओली पावलं.

तिनं वहाणा उचलल्या आणि तडक दरबारात आणून गोडबोल्यापुढे ठेवल्या. "घाल बघू. अनवाणी किती हिंडशील?"

त्याचे पाय आपसूक आत सरकले. वळला, चालत चालत समुद्रात गेला, आणि पाणी डोक्यावरून गेलं तरी वहाणांची फटफट ऐकू येत राहिली.

लेक घरी राहिला. राजानं त्या पाथरवटांसाठी होड्या धाडल्या. बेटावर माणूस सापडला नाही, छिन्नीचा आवाज तेवढा चालू होता.

म्हणून पोराथोरांनो, परक्या किनाऱ्यावर पहिला दगड ठेवण्याआधी शेवटचा धनी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तो दिसला नाही, तर दगड घरीच राहू द्या.