सारजा आणि झोप उडवणारं लाल फळ

ऐका हं. एका डोंगरावर एक गाव होतं. तिथं सारजा नावाची बाई राहायची. एकदा काय झालं, ती झऱ्यावरून पाणी घेऊन आली, तर सगळं गाव झोपलेलं! भर दुपारी, बरं का. नवरा नांगराला टेकून झोपला, सासू चुलीपाशी झोपली. तान्ही बकुळा पाळण्यात झोपली, आणि तिचा श्वास बारीक होत चालला. सारजानं हाका मारल्या, हलवलं. कुणी उठेना.

मग झाडावरचा धनेश पक्षी बोलला, "सारजाबाई, ही झोपेची साथ आहे. माझी पिल्लंही उठेनात. आता कॉफीचं लाल फळच तारेल, पण ते समुद्रापार. बस पाठीवर. परतताना मात्र डोळा लागू देऊ नकोस. डोळा लागला, की फळाची माती होते."

मग ते गेले आफ्रिकेत, हबशांच्या देशात. तिथं रानात, उंच झाडांच्या सावलीत कॉफी होती. सारजानं मूठभर फळं तोडली. पण येताना गार वारा लागला, एक डुलकी आली, आणि मुठीत नुसती माती!

मग गेले येमेनला. तिथं डोंगराला दगडी पायऱ्या, आणि पायरीपायरीवर कॉफी. म्हाताऱ्या माळ्यानं ओंजळभर फळं दिली. सारजानं ती पदरात बांधली. पण मनात एकच, माझी बकुळा जिवंत असेल ना? रडून रडून डोळे जड झाले, मिटले. पदरात पुन्हा माती.

"आता रे?" सारजा म्हणाली.

"आता जावा बेट. पण माझे पंख थकलेत, बाई. ही शेवटची खेप."

जावा बेटावर एक धूर ओकणारा डोंगर होता. त्याच्या उतारावर कॉफी लाललाल पिकलेली. मग सारजानं काय केलं? पदर भरून घेतला, आणि एक फळ तोंडात टाकलं. वरचा गर गोड. आतली बी करकचून चावली, तर अशी कडू, की डोळे टक्क उघडे! साऱ्या वाटेत ती एकेक बी चावत राहिली.

घरी येताच तिनं बिया भाजल्या, कुटल्या, उकळल्या. वास गावभर गेला. सासू उठली, "अगं बाई, चूल कुणी पेटवली?" नवरा उठला. धनेशाची पिल्लं ओरडायला लागली. बकुळा मात्र हलेना. सारजानं वाफाळती वाटी पाळण्यापाशी धरली. वाट बघितली. अजून बघितली. मग बकुळेनं नाक मुरडलं, शिंकली, आणि असा टाहो फोडला! सारजानं तिला छातीशी घट्ट धरलं.

उरलेल्या बिया गावानं फणसाच्या सावलीत पेरल्या. सगळे सुखात राहिले.

घाबरलात होय रे? या, गोधडीत शिरा. झोपा बिनघोर. सकाळी मी उठवीन ना.