वाट मोकळी होती

“वाट मोकळी होती ना, अण्णा? मग निघाला का नाहीत?”

निवास भिलारेनं विचारलं आणि अण्णा सणसांचा हात पानाच्या डब्यावरच राहिला.

अण्णा फौजेतले जुने नर्सिंग असिस्टंट. एकाहत्तरच्या लढाईत शत्रूच्या हाती लागले, वर्षभरानं सुटून जावळीतल्या आपल्या गावी आले. निवासला मलमपट्टी त्यांनीच शिकवली. आता तोही फौजेत त्याच कामावर रुजू होणार होता. ट्रेनिंगमध्ये पहिला आला होता. निघण्याआधी पाया पडायला म्हणून आला, पण मनातलं ओठावर आलंच.

“होती की वाट,” अण्णा म्हणाले. “पलटण मागं हटली. माझ्यापाशी तिघं जखमी. हलवले असते तर जागीच गेले असते.”

“नाही हलवले, तर वाचले?”

“एक वाचला... दोघं दुसऱ्या दिवशी गेले.”

“एकासाठी वर्षभराची कैद!”

अण्णांना हसू आलं. नजर समोरच्या डोंगरावर गेली, पण बघत होते ते भलतंच.

“छावणीत त्यांचा एक कंपाउंडर होता, इलाहीबक्ष. सुई एकच. चहाच्या किटलीत उकळायची. पाणी उकळेस्तोवर तो त्याच्या गावच्या संत्र्यांचं सांगायचा, मी आपल्या नाचणीच्या भाकरीचं... सुटलो तेव्हा गाडीत चढताना त्याच्याकडे बघवेना मला.”

“कैदेची कसली आठवण काढता, अण्णा!” निवास उसळला. “मी असतो तर निघालो असतो. पलटणीबरोबर राहून आणखी पन्नास वाचवले असते.”

“हिशेब बरोबर आहे तुझा.”

अण्णा उठले. गुडघ्यावर हात टेकत अंगणात उताणे आडवे झाले.

“हे काय?”

“माझ्या पोटात गोळी आहे. पलटण निघाली. तूही नीघ.”

निवास हसला. पिशवी खांद्याला लावून चालू लागला.

“असा नको जाऊस,” मागून आवाज आला. “मी शुद्धीत आहे. बघतोय तुझ्याकडे. काहीतरी सांगून जा.”

निवास फाटकाशी थांबला. वळला. म्हातारा खरोखरच बघत होता.

त्यानं तोंड उघडलं...

मिटलं.

पुन्हा उघडलं...

मग तो परत आला, पिशवी खाली ठेवली आणि अण्णांच्या उशाशी मातीत बसला.

अण्णांनी डोळे मिटले.

“मलाही काही सुचलं नव्हतं रे.”