आकडा मापात आला

लय वर्षांपूर्वी माळावरच्या कळपात एका बोकडानं एडक्याला डिवचलं. "ढोल्या, दसऱ्याच्या आत आकडा मापात आणून दाखव, नायतर शिंगं कापून दे!" एडका येडाच, म्हणाला, "लागली पैज!"

आकडा म्हणजे काय, तर बाभळीला टांगलेला वजनकाटा तुमचं वजन घ्यायचा, त्याला उंचीनं दोनदा भागायचा आणि जे येईल ते सांगायचा. बोकडाचा आकडा मापात होता, पोट लोंबायचं अन् टेकडी चढताना धाप लागायची तरीपण. एडक्याचा पुढं गेलेला. पण त्याचं वजन सगळं मानेत अन् खांद्यात होतं. त्या वजनाच्याच धडकेनं त्यानं लांडग्याला दोनदा पळवलं होतं.

एडक्यानं चारा सोडला. म्हातारी मेंढी ओरडली, "मुडद्या, राखण कोण करणार?"

"आत्या, आकडा उतरतोय, बघ की!"

दसऱ्याला आकडा मापात आला. कळपानं एडक्याची मिरवणूक काढली. त्याच दिवशी लांडगा आला. एडक्यानं धडक दिली, तर लांडगा जागचा हललासुद्धा नाही. आत्याचं कोकरू उचलून निघून गेला.

सगळे काट्यावर धावले. "तूच याला ढोल्या म्हणालास!"

काटा म्हणाला, "आकडा पुढं गेलाय, एकदा तपासून घ्या, एवढंच म्हणालो. वजन चरबीचं की ताकदीचं, ते मला कळत नाही."

"मग ढोल्या कोण म्हणालं?" आत्यानं विचारलं.

तो बोकड मीच.

"मी म्हणालो, आत्या," मी म्हणालो. "त्याच्यासारखी मान मला नव्हती म्हणून."