डोहावरची फांदी

नदीला अजून एकही पूल नव्हता, तेव्हाची गोष्ट. डोहावर झुकलेल्या करंजाच्या फांदीवर म्हातारे खंड्यागुरुजी पिल्लांना मासे धरायला, सूर मारायला शिकवत. फी एक मासा, तीही आगाऊ. ज्यांना सूर मारता येई त्यांच्याच घरी मासे असत, म्हणून त्यांचीच पिल्लं शिकत. बाकीच्यांची चिखलातले किडे टिपत मोठी होत.

चिखलाकडची सारजा खंडीण पोरीला घेऊन आली खरी, पण मनात चुटपुटत होती. ‘निदान पिसं तरी नीट करून यायचं!’

“मासा?” गुरुजींनी विचारलं.

“मासा धरता आला असता तर मीच नसतं का शिकवलं पोरीला?” सारजा बोलून गेली आणि स्वतःच दचकली.

पिल्लू सोडायला आलेली एक गुबगुबीत शेठाणी फिसकन हसली. गुरुजी मात्र म्हणाले, “खरंय बाई. माझ्या कसं ध्यानात आलं नाही! बसव तिला.”

पोरीनं पहिला मासा धरला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी चिखलाकडच्या साऱ्या आया पिल्लं घेऊन हजर!

“अहो गुरुजी, फांदी मोडेल की!” शेठाणी कडाडली.

गुरुजींनी मान वर केली. “झाड काय या एकाच फांदीचं आहे?”