दाराकडे तोंड केलेलं बाक

थांबा, ते बाक ओढू नका. चर्चमधली सगळी बाकं वेदीकडे तोंड करून आहेत आणि हे एकटंच दाराकडे, म्हणून आलेला प्रत्येक पाहुणा ते सरळ करायला धावतो. मागच्या नाताळात एका साहेबांनी जोर लावला आणि कंबर धरून बसले. ते जमिनीत पक्कं बसवलेलं आहे. तुम्ही शेजारच्या बाकावर बसा, सांगतो.

आमच्या तांबेरवाडीत मोठा दुष्काळ पडला तेव्हाची ही गोष्ट, असं सांगतात. चर्च नवं होतं, मंडळी जेमतेम आठ-दहा घरांची. गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलेलं. सगुणाबाईला तर पोटच्या मुलानंच टाकलं होतं. तिनं बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी लिंबाजी, तिचा एकुलता एक, "आजपासून तू मला मेलीस" म्हणून घरातून निघाला आणि गावात मामाकडे जाऊन राहिला.

दुष्काळात गावातल्या चुली विझल्या. मंडळीला मिशनकडून थोडं धान्य मिळे, त्यातून ती रोज दळणाआधी मूठभर ज्वारी गावासाठी बाजूला ठेवू लागली. पण घ्यायला येणार कोण? ज्यांना हिणवलं त्यांच्याच दारात हात पसरायचा, म्हणजे मरणच. तेव्हा सगुणाबाई पाळकसाहेबांना म्हणाली, "टोपली दाराशी ठिवा. शेवटच्या गीताला आपुन समदे वेदीकडं तोंड करून ऱ्हाऊ. मागं कुनी वळायचं न्हाई. ज्याला पायजे त्यो निऊ दे." तसा सगळ्यांनी देवासमोर शब्द दिला. तिच्या मनात लिंबाजी होता, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

लोक येऊ लागले, म्हणे. मंडळी गात, मागे पावलं वाजत, टोपली रिकामी होई.

एका रविवारी गीत चालू असताना दारातून खोकला ऐकू आला. सगुणाबाईनं तो ओळखला. लहानपणी मांडीवर घेऊन तिनंच ती छाती शेकली होती. वळावं म्हणून तिचा जीव तुटत होता. पण आपण पाहिलं तर लाजेनं पोरगं उपाशीच परत जाईल, या भीतीनं तिनं डोळे मिटले आणि आणखी मोठ्यानं गाऊ लागली. गीत संपलं. त्या दिवशी पहिल्यांदाच टोपलीत ज्वारी उरली.

दुसऱ्या दिवशी वेशीबाहेरच्या चिंचेखाली लिंबाजी मरून पडलेला सापडला. त्याच रविवारी धान्य नेलेली एक म्हातारी रडत सगुणाबाईकडे आली. "म्या म्हनलं, घे की रं लेकरा. तर म्हनला, आईनं एकदा वळून बघावं, मंग घेतो."

सगुणाबाई छाती पिटून रडली. पुढच्या रविवारी तिनं आपलं गोणपाट फिरवलं आणि दाराकडे तोंड करून बसली. तेव्हा बाकं नव्हती, सगळे खालीच बसत. पाळकसाहेब तिला देवासमोरच्या शब्दाची आठवण करून द्यायला गेले, म्हणे, आणि तिच्याकडे पाहून तसेच परत आले. मरेपर्यंत ती तशीच बसली. पुढे बाकं आली, तेव्हा तिच्या जागेवरचं उलटं बसवलं.

आजही शेवटच्या गीताला टोपली दाराशी जाते आणि आम्ही सगळे दाराकडे पाठ करून गातो. या बाकावर मात्र जिचं लेकरू घर सोडून गेलंय अशी एक आई बसते. तशी बाई आमच्याकडे कधी कमी पडली नाही. दारात जो येईल त्याला ती म्हणते, "आलास बाळा?" सध्या तिथं माझी बायको बसते. दारात कोणी नसलं, तरी म्हणते.