एमेशेचा डावा हात

"पण बाई, मी स्वतः करून दाखवते, तरी यांना जमत कसं नाही?" एमेशेने विचारलं.

सारोल्टाबाई हॉलच्या कडेला बाकावर बसून मुलींचा सराव पाहत होत्या.

हंगेरीत, तिसा नदीकाठच्या त्या लहानशा गावात, याच हॉलमध्ये बाईंनी एमेशेच्या हातात पहिल्यांदा हँडबॉल दिला होता. पुढे एमेशे राजधानीतल्या मोठ्या क्लबात गेली, देशाच्या संघातून खेळली. तिचा उजवा हात वर गेला की समोरची गोलकीपर डोळे मिटून घेते, असं लोक म्हणायचे. मग गुडघा गेला. ऑपरेशनं झाली, खेळ सुटला, आणि ती गावी परतून मुलींना शिकवू लागली.

ते काही जमेना. मुली एकेक करून यायच्या बंद झाल्या. आणखी एक गेली असती तर संघच उभा राहिला नसता. म्हणून तिने आपल्या जुन्या बाईंना बोलावून घेतलं होतं.

"ती रेका बघा," एमेशे म्हणाली. "उजव्या हाताने फेकायचं तर डावा पाय पुढे हवा. रोज सांगते, आणि रोज ती उजवाच टाकते. काल ओरडले, तर रडत घरी गेली."

"तुला कुणी शिकवलं ते?"

"तुम्हीच असणार."

"कसं शिकवलं?"

एमेशे आठवू लागली...

"मला ते येतच होतं, बाई."

बाई सावकाश उठल्या. एक बॉल घेतला आणि तिच्या डाव्या हातात ठेवला.

"फेक."

"डाव्या हाताने?"

"गोल मोकळाच आहे."

मुली थांबून पाहू लागल्या. एमेशे हसली, धावली, हात मागे नेला. बॉल गोलच्या खांबापासून कितीतरी लांब, भिंतीवर आपटला.

"पुन्हा."

या खेपेला तो तिच्याच पायाशी पडला. कुणीतरी हसू दाबलं.

"बाई, मुली बघताहेत."

"हो. पुन्हा."

रेका दबकत पुढे आली.

"ताई... तुमचा पाय चुकतोय. आता उजवा पुढे हवा."

"माहीत आहे मला," एमेशे तुटकपणे म्हणाली.

माहीत होतंच. तरी पुढच्या वेळीही डावाच पाय पुढे पडला.

ती तिथेच उभी राहिली. ती स्वतःच्या पायांकडे अशी बघत होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत...

"रेका," ती हळूच म्हणाली, "पाय ऐकत नाही, तेव्हा तू काय करतेस?"

"तुम्ही ओरडायच्या आत फेकून टाकते," रेका म्हणाली.

एमेशेने मान खाली घातली.

थोड्या वेळाने रेकाने तिच्या हातातला बॉल काढून घेतला आणि बाजूला ठेवला. "आधी नुसतं चालून बघू या का? हळू."

दोघी शेजारीशेजारी चालल्या, रिकाम्या हातांनी, एक उजवा हात उचलत, एक डावा. चुकल्या की थांबायच्या, मागे यायच्या, पुन्हा चालायच्या. बाकीच्या मुलीही एकेक करून त्यांच्यामागे चालू लागल्या.

शेवटी एमेशेने बॉल हातात घेतला आणि फेकला. तो टप्पे घेत, रखडत, कसाबसा गोलात शिरला. त्याहून मिळमिळीत गोल तिने आयुष्यात केला नव्हता. ती मोठ्याने हसली, आणि मुलींनाही हसू आवरलं नाही.

बाई कोट घालून दाराशी पोचल्या होत्या. एमेशे मागोमाग धावली.

"बाई, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं."

बाईंनी तिच्या खांद्यावरून पलीकडे, रेकाकडे पाहिलं.

"हिला रागावू नकोस हं, रेका," त्या म्हणाल्या. "नवीन आहे."