महादरवाज्यावरचा शरभ

हैबतराव किल्लेदारांचा धाक असा, की बुरुजावरचे कावळेसुद्धा दबकून ओरडत. त्यांची नात येसू नुकतीच वाचायला शिकली, तेव्हा वामनशास्त्र्यांनी कोल्ह्या-कावळ्यांच्या गोष्टींची पोथी तिच्या हाती दिली. किल्लेदार भडकले.

"कावळा कधी बोलतो का, शास्त्रीबुवा? जे कुणी पाहिलं नाही, ते माझ्या किल्ल्यात चालणार नाही. ती पोथी चुलीत घाला!"

येसूने पोथी पोटाशी घट्ट धरली.

"जशी आज्ञा," शास्त्री म्हणाले. "मग पाथरवटालाही बोलवा, सरकार. महादरवाज्यावरचा शरभ फोडावा लागेल. पायाखाली हत्ती दाबून धरणारा पंखवाला वाघ आपण कुठल्या रानात पाहिलात?"

किल्लेदार गडबडले. "तो खरा नाही हो! पण त्याला पाहून शत्रूच्या पोटात गोळा येतो, आपल्या शिपायांना बळ येतं."

"एवढ्या दगडी किल्ल्याला दारावर शरभ लागतो, सरकार. मग या एवढ्याशा पोरीला नको?"

 हैबतराव येसूशेजारी मांडी घालून बसले.

"वाच. आणि त्या कावळ्याला जरा मोठ्याने बोलायला सांग. मला हल्ली कमी ऐकू येतं."